हळदीसाठी झाडलेली वाडी

मी, पदाजी गोविंद भोईर, वय वर्षे बहात्तर, धंदा पूर्वी दस्तलेखन आणि आता बसून खाणे, राहणार टेमघर, भिवंडी, जिल्हा ठाणे, माझ्या स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे आणि डावा कान शाबूत नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज पडत नाही.

कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मी उभा जन्म दुसऱ्यांची मृत्युपत्रं लिहिली. आमच्या लोकांच्या जमिनी गोडाऊनला जाऊ लागल्या तशी माझ्या टेबलापुढे रांग लागायची. प्रत्येकाच्या मृत्युपत्रात मी लिहीत असे, "हा लेख मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे." निम्म्या वेळा लिहून देणाऱ्याच्या खुर्चीमागे त्याचा थोरला मुलगा उभा असायचा. तरी मी लिहायचो. स्वतःच्या मृत्युपत्रात मात्र हे वाक्य माझ्याने लिहवत नाही. माझ्या खुर्चीमागे कोणी उभं नाही हे खरं, पण हा लेख मी शरमेच्या दडपणाखाली करीत आहे. वकीलसाहेब म्हणाले, "दाजी, (घरीदारी सगळे मला दाजीच म्हणतात) तो शब्द काढा, कोर्टाला त्याचं काय काम?" काढत नाही. त्यांनी त्यांच्या मृत्युपत्रात हवं ते लिहावं.

कलम १. माझे वारस तीन. पत्नी ठकुबाई, मुलगा प्रितम आणि मुलगी करिष्मा. मला मुलगी आहे हे या ठिकाणी ठळक अक्षरात लिहीत आहे, आणि का ते पुढे कळेल. करिष्मा आठ वर्षांपूर्वी कल्याणचं सासर सोडून घरी आली. तिथे तिला काय भोगावं लागलं ते तिने आईला सांगितलं, मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कोणी चौकशी केली की मी म्हणायचो, "चार दिवसांसाठी आलीय." आठ वर्षं ती माझ्याकडे चार दिवसांसाठीच राहत होती.

कलम २. टेमघरचं राहतं घर ठकुबाईच्या हयातीपर्यंत तिचं. तिला कोणी "आता खालच्या खोलीत राहा" असं सुचवू नये. तिच्या पश्चात घर प्रितम आणि करिष्मा यांचं समसमान. पुढचं अंगण ठकुबाई रोज पहाटे झाडते. सांडलेला भात वेचून खावा इतकं ते स्वच्छ असतं आणि गावात तिचा त्याबद्दल लौकिक आहे. अंगणात फरशी बसवण्याचा विचार तिच्या हयातीत कोणीही मनात आणू नये.

कलम ३. बँकेत जे काही असेल ते ठकुबाईचं. माझ्या बाराव्या-तेराव्याला मंडप, लाऊडस्पीकर आणि बॅनर नको. बॅनरवर माझा तरुणपणीचा फोटो तर मुळीच नको. माणसं फसतात.

कलम ४. मराठी टाइपरायटर नातू भाविकला, म्हणजे प्रितमच्या मुलाला. तो वापरणार नाही, पण दिवाणखान्यात ठेवील आणि त्याची बायको त्यावर फुलदाणी ठेवील, मला चालेल. शेजारच्या टेबलावरचा दस्तलेखक दामू याने "दाजीला ऐकू येत नाही, उलटंसुलटं लिहितो" असं सांगून माझी गिऱ्हाइकं पळवली. त्याच्याशी धरलेला बारा वर्षांचा अबोला या लेखाने संपला असं समजावं. तसं पाहिलं तर तो खोटं बोलत नव्हता. माझी काळी छत्री मात्र त्याच्याकडे आहे आणि त्याला ते माहीत आहे.

कलम ५. आता वाडी. माझ्या घरामागची, विहिरीसकटची, मी माझ्या कमाईतून घेतलेली. वडिलोपार्जित नसल्याने ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा हक्क पूर्णपणे माझा आहे. दोन आंबे, एक चिकू, दोन लिंबं, शेवगा, आणि मधल्या मोकळ्या जागेत वाफे. मी घेतली तेव्हा माती इतकी टणक होती की कुदळ उडायची. प्रितमचं म्हणणं होतं ट्रक उभे करायला भाड्याने देऊ. मी आज-उद्या करत राहिलो, आणि तेवढ्यात करिष्मा घरी आली. घरात नुसती बसून राहील, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल, त्यापेक्षा मागे वाडीत काहीतरी करू दे, असा माझा विचार. तो काही तिच्या भल्याचा विचार नव्हता.

तिने पहिलं काम केलं ते हे की वाडी झाडणं बंद केलं. आमच्यात झाडाखाली पडलेलं पान म्हणजे घरातली बाई आळशी असल्याची दवंडी. ठकुबाई खराटा घेऊन गेली तर करिष्माने तिच्या हातातून तो काढून घेतला. "आये, तू अंगन झाड, वाडी झाडू नको. माती उघडी पडली का तापते, मग तिच्यात काय जगत न्हाय."

"मातीला काय थंडी वाजतं, पांघरून घालतंस ती?" ठकुबाई म्हणाली. पण खराटा तिने परत आणला.

मग करिष्मा पाला जमवू लागली. स्कूटरवर गोणी बांधून नव्या सोसायट्यांच्या वॉचमनकडून सुकी पानं आणायची, शेतकऱ्यांकडून भाताचा पेंढा, गिरणीतून तूस. गोडाऊनच्या फाटकापाशी बसून पुठ्ठ्यांच्या खोक्यांवरची चिकटपट्टी सोलायची. भोईरांची पोरगी कचरा गोळा करते, असं लोक बोलू लागले. ती फाटकापाशी बसलेली दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जायचो. चष्मा काढून पुसत जायचो, म्हणजे दिसलं नाही असं वाटावं.

तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत वाडीचं रूप पालटलं. भर मे महिन्यात पेंढा बाजूला करून बोट घातलं की आत गार आणि ओलं लागायचं. सगळ्यांच्या विहिरी तळाला जायच्या, तेव्हा ती चार दिवसांआड पाणी घालून भागवायची. वांगी, मिरची, अळू, मुठीएवढे चिकू. मी ते सगळं चवीने खाल्लं आणि पाहुण्यांना पिशव्या भरभरून दिलं. "आमच्या वाडीतलं" म्हणायचो. कोणी पिकवलं ते सांगत नव्हतो.

यंदा एप्रिलात भाविकचं लग्न ठरलं. आमच्या समाजात लग्नापेक्षा हळद मोठी असते हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मुलीकडची माणसं मानमरातबाची. प्रितम म्हणाला, "दाजी, मांडव वाडीतच घालाय लागेल. पन तो सगला कचरा दिसेल ना." मलाही तेच वाटत होतं. पाहुणे विचारतील हा पाला कोणी पसरला, मग करिष्माचं नाव निघेल, मग ती इथे कशी हे निघेल. म्हणून मी एक युक्ती केली. माझी बहीण आक्का हिचे गुडघे धरले होते. मी करिष्माला म्हटलं, आक्काला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन जा, दोन दिवस राहा, हळदीच्या संध्याकाळपर्यंत या. ती आनंदाने गेली. मी तिला कुठेतरी पाठवतोय हेच तिला नवीन होतं.

ती एसटीत बसली आणि मी मजूर बोलावले. वर्षानुवर्षं रचलेला थर त्यांनी दाताळ्याने ओढून ढीग केला. खालून काळी भुसभुशीत माती निघाली, तिच्यावर कावळे उतरले आणि गांडुळं वेचून खाऊ लागले. आम्ही भातशेतीची माणसं. पेरणीआधी पाला-फांद्या पसरून जाळायच्या, शेत भाजायचं, राब करायचा, हे हाताच्या सवयीतलं. पाल्याचा ढीग दिसला की माझा हात काडेपेटीकडे जातो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच काडी लावली. आणि हळदीच्या सकाळी मांडववाल्यांची गाडी आली म्हणून घाईघाईने अजून गरम असलेली राख चिकूच्या आणि लिंबाच्या बुडाशी मीच ओढली. मग ठकुबाईने खराटा फिरवला. जमीन कपाळासारखी स्वच्छ झाली. "आता कसं घर दिसतंय," असं मी मोठ्याने बोललो.

संध्याकाळी करिष्मा परत आली. मांडव लागला होता, स्पीकर दणाणत होते, पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. ती आरडाओरडा करील म्हणून मी पुढे झालो. तिने एवढंच विचारलं, "गरम राख झाडांच्या बुडाला कोनी लोटली?"

"मजुरांनी," मी म्हणालो.

ती आत गेली नाही, साडी बदलली नाही. विहिरीवरून कळशी भरून आणायची आणि चिकूच्या बुडाशी ओतायची, पुन्हा जायची. माणसं तिच्याकडे बघायला लागली. नवरीच्या मामांनी मला विचारलं, "दाजी, ती कोण?" मी म्हणालो, "वाडीत काम करनारी हाय."

ती माझ्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर, रिकामी कळशी घेऊन उभी होती. मला तिची पावलं ऐकू आली नव्हती. मामा दुसरीकडे पाहू लागले तेव्हा मी मान वळवली आणि ती दिसली. तिच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मला ते करण्याची लाज वाटते आणि ते करण्याचा अधिकारही नाही.

दुसऱ्या दिवशी वरात निघण्याआधी ती बॅग घेऊन गेली. पडघ्याला खोली घेतली, एका गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला लागली. आईला फोन करायची. माझी चौकशी करायची नाही. ती गेल्यावर उघडी पडलेली वाडी मी माझ्याच हाताने पुन्हा झाकायला घेतली.

कलम ६. (या कलमावर मी रेघ मारली आहे. वाचता येईल अशीच मारली आहे. शेजारी सही केली आहे, कारण सहीशिवाय खाडाखोड धरत नाहीत. रेघ का मारली ते कलम ७ मध्ये.)

सदर वाडी माझ्या पश्चात माझी मुलगी करिष्मा हिला मिळावी. अटी पुढीलप्रमाणे. वाडीतली माती वर्षाच्या कोणत्याही दिवशी उघडी ठेवू नये. आधी तण काढावं, मग पाणी द्यावं, मग आच्छादन घालावं. मी जूनच्या आधी घाईने कोरड्या मातीवर पेंढा पसरला, तेव्हा वरून दिलेलं पाणी पेंढ्यानेच पिऊन टाकलं आणि खाली धूळ ती धूळच राहिली. पाल्याचा थर चार बोटं असावा. पेंढा वीतभर घालावा, तो बसून चार बोटं होतो. त्याहून जाड घातलं तर आत कुबट वास येतो, हा माझा अनुभव आहे. खोडाभोवती हातभर जागा मोकळी सोडावी. राखेने एक लिंबू गेलं, म्हणून दुसऱ्याला जपायला मी त्याच्या गळ्यापर्यंत पेंढा रचला, थंडीत मफलर गुंडाळतात तसा. पावसात साल कुजली आणि तेही गेलं. एक लिंबू मी जाळून मारलं आणि एक मायेने. बी धरलेलं गवत घालू नये. मी घातलं, आणि श्रावणात वाडीत वांग्यांपेक्षा गवत उंच होतं. पुठ्ठा चालतो, चिकटपट्टी सोलून, भिजवून, पाल्याच्या खाली. पॉवरलूमवरचा सुताचा कचरा फुकट मिळतो म्हणून आणू नये. दिसायला कापूस असला तरी त्यात निम्मं प्लास्टिक असतं, ते कुजत नाही, मातीवर चामड्यासारखं बसतं. ते उपसून काढताना माझी कंबर धरली. बी पेरलेल्या वाफ्यावर रोप वीतभर होईपर्यंत काही पसरू नये आणि भर पावसात थर पातळ करावा, नाहीतर खाली गोगलगायी घर करतात. पाला, पेंढा, काटक्या, काहीही, वाडीत जाळू नये. राब तर नाहीच नाही.

कलम ७. हे सगळं लिहून झाल्यावर ठकुबाईने फोन करून करिष्माला बोलावलं. "तुझ्या बापानं कायतरी लिवलंय, येऊन वाच." ती गेल्या महिन्यात एका रविवारी आली. ओट्यावर बसून तिने कागद वाचले. कलम ५ वाचताना ती मध्येच थांबली, मग पुढे गेली. राख कोणी ओढली ते तिला तिथेच कळलं असणार. कलम ६ मात्र तिने दोनदा वाचलं.

"म्हंजे वाडी माझी, आनि अटी पन माझ्याच मला शिकवतांय?"

ठकुबाईला हसू फुटलं. हळदीनंतर ती पहिल्यांदा हसली. मलाही थोडं हसू आलं आणि लगेच गेलं, कारण करिष्मा हसत नव्हती.

"प्रितमदादाला दावलंय?"

"न्हाय," मी म्हणालो. "मी गेल्यावर उघडतील तवा कलेल."

"म्हंजे तवा तुमाला कोनी काय इचारनार न्हाय."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"दाजी, तुमी मेल्यावर मला मुलगी करनार. मग तवर मी कोन? वाडीत काम करनारी?" तिने कागद घडी घालून माझ्या मांडीवर ठेवले. "मला न्हाय पायजे ही वाडी. कोनाला बी द्या." आणि साडेचारची गाडी पकडायला निघून गेली.

कोर्टाबाहेर माझ्यापुढे जो कोणी मुलीला काही द्यायचं म्हणून यायचा, त्याला मी चष्म्यावरून बघून विचारायचो, "द्यायचंच आहे तर बक्षीसपत्र करा, आज द्या. मृत्युपत्र कशाला? पोरांना घाबरता का?" लोक ओशाळे होऊन खाली बघायचे आणि मला त्यात गंमत वाटायची. त्या रविवारी माझ्या मांडीवर माझं स्वतःचं मृत्युपत्र होतं. वाडी द्यायची तर मला होती, पण देताना दिसायचं नव्हतं. प्रितमचा राग, नातलगांची कुजबूज, "घर सोडून आलेल्या पोरीला जमीन दिली" हे बोलणं, सगळं माझ्या तिरडीमागून चालत यावं, माझ्या समोर येऊ नये, एवढ्यासाठी हा कागद होता.

मी प्रितमला बोलावून सांगितलं. तो खूप बोलला. ट्रकवाल्याशी त्याचं पार्किंगचं बोलणं झालं होतं. "लोक तोंडात शेन घालतील आपल्या," म्हणाला. घालू देत म्हटलं. तो माझ्याशी अजून बोलत नाही. कोणाचं काही खटकलं की अबोला धरायची चाल आमच्या घरात माझ्यापासूनच आहे, तेव्हा त्याला दोष देत नाही.

मग मी भाविकच्या मामेसासऱ्यांकडे गेलो, ज्यांनी हळदीला मला विचारलं होतं. चहा आला. मी कपाला हात लावला नाही. आयुष्यात मी हजारो माणसांची ओळख कागदावर लिहिली, पण ते एक वाक्य मी रस्ताभर पाठ करत गेलो होतो. म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ती कोण. ती माझी मुलगी करिष्मा. मी तुमच्याशी खोटं बोललो. तिला मी वाडी देतोय, बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून तुमची सही हवी." त्यांना बायकोने आतून हाक मारली तरी ते उठले नाहीत. मग "कधी यायचं?" एवढंच विचारलं.

करिष्माला मी पडघ्याला जाऊन विचारलं. गोडाऊनच्या फाटकाबाहेर तिची शिफ्ट सुटेपर्यंत उभा राहिलो, रस्त्याच्या त्याच बाजूला. तिच्याबरोबरच्या बायकांनी विचारलं, "ये कौन है?" ती म्हणाली, "मेरे पिताजी." तिला तेवढं बोलायला काहीच वेळ लागला नाही. मी रुमाल काढून तोंड पुसलं.

तरी तिने लगेच हो म्हटलं नाही. "अटी?" म्हणाली. म्हटलं, एकही नाही. "मी उद्या इकली तर?" म्हटलं, तुझी आहे.

बक्षीसपत्र गेल्या आठवड्यात रीतसर नोंदवलं. सबब कलम ६ रद्द. वाडी आता माझी नाही आणि म्हणून ती या मृत्युपत्रातही नाही.

कलम ८. याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं. या लेखाची अंमलबजावणी प्रितम आणि करिष्मा यांनी मिळून करावी. मिळून हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. निदान सह्या करायला तरी दोघांना एका टेबलाशी बसावं लागेल.

कलम ९. यात देण्याघेण्याचं काही नाही, तरी लिहीत आहे. करिष्मा राहायला घरी आलेली नाही आणि मी आग्रह केलेला नाही. सुट्टीच्या दिवशी, आणि दुपारची शिफ्ट असली की रोज सकाळी, ती पडघ्याहून येते, परस्पर मागच्या बाजूने वाडीत जाते, वाफ्यांवर नवा थर घालते. आईच्या हातचं जेवते, मागच्या पायरीवर बसून. चिकू जगेल असं म्हणते. मला नाही, आईला.

आज सकाळी मी पेंढ्याचा एक भारा घेऊन वाडीच्या फाटकाशी गेलो. माझीच होती तोवर मी तिथे कधी थांबलो नव्हतो. आज थांबलो आणि बाहेरूनच विचारलं, "करिष्मा, येऊ का आत?"

ती वाफ्यातून सरळ झाली. माझ्याकडे बघितलं, भाऱ्याकडे बघितलं.

"आज न्हाय," ती म्हणाली. "उद्या इचारा."

भारा फाटकाशी ठेवून मी परत आलो आणि हे लिहायला बसलो. वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचलं, ठकुबाईला वाचून दाखवलं, ते खरं आहे. मृत्युपत्र लिहिणारा माणूस जायला तयार असतो असं समजतात. मी तयार नाही. मला उद्याची सकाळ पाहिजे, मला विचारायचं आहे.

लिहून देणार: पदाजी गोविंद भोईर (सही)

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्या समक्ष सही केली:
१. कुणाल बाळाराम तरे, राहणार टेमघर (सही)
२. तुळजाबाई हरिश्चंद्र केणे, राहणार टेमघर (सही)

ठिकाण: टेमघर, भिवंडी
दिनांक: ७ डिसेंबर २०२५